हृदयावर शिवलेली तार : आर्ने लार्सन यांच्या प्रकरणाचा लीडच्या बाजूने अभ्यास

पेसमेकरच्या इतिहासात ८ ऑक्टोबर १९५८ ही तारीख हमखास येते. त्या संध्याकाळी स्टॉकहोमला लागून असलेल्या सोल्ना येथील कारोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ओके सेन्निंग यांनी ४३ वर्षांच्या आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पूर्णपणे आत बसणारा पेसमेकर बसवला. तो बनवला होता रूने एल्मक्विस्ट यांनी. ही हकिगत बहुतेक वेळा यंत्राची हकिगत म्हणून सांगितली जाते. दोन ट्रान्झिस्टर, दोन छोट्या बॅटऱ्या आणि बूटपॉलिशच्या डबीत ओतून घट्ट केलेली राळ, एवढे तपशील त्यात ठरलेले असतात. प्रस्तुत लेखात तेच प्रकरण त्या डबीपासून हृदयापर्यंत गेलेल्या तारांच्या, म्हणजे लीडच्या, बाजूने मांडले आहे. पेसमेकर बसवलेल्या लहान मुलांच्या आईवडिलांचे प्रश्न जवळजवळ सगळे बॅटरीभोवती फिरतात. ती किती वर्षे चालेल, मोबाइल जवळ ठेवला तर चालेल का, शाळेत पळू द्यावे का, हे सारे विचारले जाते. लीडबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारते, आणि खरी काळजी तिचीच करायची असते.

रुग्णाची स्थिती

लार्सन स्वतः इंजिनिअर होते. एका विषाणुसंसर्गानंतर त्यांच्या हृदयातला विद्युतमार्ग बंद पडला होता. निरोगी हृदयात वरच्या कप्प्यांत उठलेला विद्युतसंदेश एका अरुंद मार्गाने खालच्या कप्प्यांत उतरतो आणि मग खालचे कप्पे आकुंचन पावतात. हा मार्ग पूर्ण तुटला की त्याला संपूर्ण हृदयरोध म्हणतात. खालचे कप्पे तेव्हा आपल्या संथ गतीने कसेबसे चालत राहतात आणि मधूनच काही सेकंद अजिबात थांबतात. मेंदूला रक्त न पोहोचल्याने रुग्ण कोसळतो आणि हृदय पुन्हा सुरू झाले तर शुद्धीवर येतो. हे स्टोक्स-अ‍ॅडम्स झटके लार्सन यांना दिवसाला वीस-तीस वेळा येत होते. सहा महिने ते रुग्णालयात होते. इफेड्रिन, अ‍ॅट्रोपिन, आयसोप्रिनॅलिन, कॅफिन, डिगॉक्सिन, इतकेच काय, व्हिस्कीसुद्धा देऊन पाहिली होती. कशाचाच टिकाऊ उपयोग झाला नव्हता.

लार्सन यांच्या पत्नी एल्से-मारी यांना सेन्निंग आणि एल्मक्विस्ट हे दोघे प्राण्यांवर असे यंत्र वापरून पाहत असल्याचे कळले. त्या थेट दोघांकडे गेल्या. माणसात बसवण्याजोगे यंत्र अजून तयार नाही, हे उत्तर त्यांना मिळाले, आणि त्यांनी ते स्वीकारले नाही. यंत्र नसेल तर बनवा, असा आग्रह धरून त्या दोघांमध्ये ये-जा करत राहिल्या. त्या काळातल्या वैद्यकात नातेवाइकाच्या शब्दाला एवढे वजन क्वचितच मिळाले असेल. या प्रकरणात पहिले श्रेय मी त्यांना देतो.

डबी आत का गेली

यंत्र शरीराच्या आत बसवण्याची कल्पनाच मुळात लीडच्या दुखण्यातून निघाली होती. १९५२ मध्ये अमेरिकेत पॉल झोल यांनी छातीच्या त्वचेवरून विजेचे ठोके देऊन हृदय चालू ठेवून दाखवले, पण ते ठोके इतके वेदनादायक होते की दीर्घकाळ वापरणे अशक्य होते. जानेवारी १९५७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांच्या चमूने शस्त्रक्रियेनंतर हृदयरोध झालेल्या मुलांच्या हृदयाच्या स्नायूत थेट तार टोचून ती त्वचेतून बाहेर काढली आणि बाहेरच्या यंत्राला जोडली. लागणारी वीज एकदम थोडी झाली आणि वेदना संपल्या. ज्या मुलांचा रोध काही दिवसांत आपोआप सुटायचा त्यांच्यासाठी ही पद्धत वरदान ठरली, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या तात्पुरत्या तारा आजही जगभर त्याच तत्त्वावर लावल्या जातात. मात्र ज्यांचा रोध कायमचा होता त्यांच्यात त्वचेतून आरपार गेलेली तार म्हणजे जंतूंना मोकळी वाट. तारेच्या कडेकडेने संसर्ग आत उतरत असे. त्वचेला भोक राहू नये म्हणून सगळेच आत न्यायचे, हा सेन्निंग यांचा विचार होता. लीडची एक अडचण दूर करायला डबी पोटात गेली आणि लीडच्या पुढच्या अडचणींना तिथून सुरुवात झाली.

एल्मक्विस्ट यांचे यंत्र साधारण ५५ मिलिमीटर व्यासाचे आणि १६ मिलिमीटर जाडीचे होते. त्यातल्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या त्वचेवर बाहेरून कॉइल धरून चार्ज करता येत. प्रत्येक ठोक्याला ते सुमारे दोन व्होल्टचा, दीड मिलिसेकंदांचा धक्का देई आणि मिनिटाला ७० ते ८० या एकाच ठरावीक गतीने चाले. रुग्णाचे हृदय स्वतः काही करते आहे का, हे समजून घेण्याची सोय त्यात नव्हती. शस्त्रक्रियागृहात गर्दी नसेल अशी संध्याकाळची वेळ निवडण्यात आली. सेन्निंग यांनी छाती उघडून इलेक्ट्रोड, म्हणजे तारांची वीज देणारी टोके, हृदयाच्या स्नायूवर शिवले, तारा खाली नेल्या आणि डबी पोटाच्या भिंतीत ठेवली.

पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. एल्मक्विस्ट यांनी दोन बनवून ठेवली होती, म्हणून दुसरे बसवता आले, पण तेही फार काळ टिकले नाही. त्यानंतर लार्सन यांना पुन्हा पेसमेकर मिळेपर्यंत १९६० चे दशक उजाडले. तोपर्यंत ते जगले, हेही या प्रकरणातले एक आश्चर्यच आहे.

तार का तुटते

लोखंडाची तार हातात घेऊन एकाच जागी मागेपुढे वाकवली की दहा-वीस वेळांत तुटते, हे सर्वांनी पाहिलेले असते. थोडेसेच वाकवले तर ती जास्त वेळ टिकते, पण कधीतरी तुटतेच. धातूच्या पृष्ठभागावर एक सूक्ष्म भेग पडते, प्रत्येक वाकण्याबरोबर ती केसभर पुढे सरकते आणि शेवटी उरलेला भाग एकाएकी सुटतो. यालाच धातूची थकावट म्हणतात. आता हिशेब मांडून पाहा. मिनिटाला ७० ठोके म्हणजे दिवसाला एक लाखाच्या वर आणि वर्षाला सुमारे पावणेचार कोटी. लहान बाळाच्या हृदयाची गती १२० धरली तर वर्षाला सव्वासहा कोटींच्या पुढे. हृदयावर शिवलेल्या तारेला एवढ्या वेळा वाकावे लागते, शिवाय श्वास आहे, कुशीवर वळणे आहे, खाली वाकून चप्पल घालणे आहे.

सगळी तार सारखी वाकत नाही. जिथे हलणारा भाग न हलणाऱ्याला मिळतो तिथे ताण एकवटतो. टाक्याच्या लगतची जागा, बरगडीच्या कडेवरून तार खाली पोटाकडे उतरते ती जागा आणि ती डबीत शिरते ती जागा, या तीन ठिकाणी तुटण्याचा धोका जास्त असतो. १९५८ ला जे खरे होते तेच आजही आहे. पोटातल्या पेसमेकरची लीड तुटल्याचा संशय आला की एक्स-रेवर नजर आधी बरगडीच्या कडेला जाते.

एल्मक्विस्ट यांनी यावर शोधलेला उपाय मला फार सुंदर वाटतो. एरिक्सन या स्वीडनच्या टेलिफोन कंपनीच्या मदतीने त्यांनी नवी तार तयार केली. पोलादाच्या चार पातळ पट्ट्या पॉलिएस्टरच्या विणलेल्या दोऱ्याभोवती गुंडाळलेल्या आणि वर मऊ पॉलिथिलिनचे आवरण. जुन्या घरगुती फोनच्या रिसीव्हरची दोरी आठवावी. वर्षानुवर्षे ओढली, पिळली, बोटांभोवती गुंडाळली तरी ती सहसा तुटत नसे, कारण तिच्या आतही धातूची जाड तार नसून दोऱ्यावर गुंडाळलेली पातळ पट्टी असे. वाकताना धातूच्या पृष्ठभागावर येणारा ताण त्याच्या जाडीवर अवलंबून असतो. जाडी कमी तर ताण कमी. शिवाय पट्टी गुंडाळलेली असल्याने वाकण्याचा भार एका बिंदूवर न पडता अनेक वेढ्यांत वाटला जातो. टेलिफोनच्या कारखान्यात साध्या वापरासाठी उमगलेले हे शहाणपण हृदयापर्यंत पोहोचले.

इतरत्रही सगळ्यांचे गाडे याच वळणावर अडले होते. अमेरिकेत सॅम्युएल हंटर आणि नॉर्मन रॉथ यांनी १९५९ मध्ये सिलिकॉन रबराच्या पट्टीत पोलादाच्या दोन टाचण्या बसवून ती हृदयावर शिवण्याची युक्ती काढली. बफेलो येथील विल्यम शार्डॅक यांनी १९६० मध्ये विल्सन ग्रेटबॅच यांचे यंत्र बसवायला सुरुवात केली आणि पुढे तारेलाच स्प्रिंगसारखे वेढे देऊन ती सिलिकॉनच्या नळीत घातली. वेढ्यांची ही रचना आजच्या लीडमध्येही मुळाशी आहे. एल्मक्विस्ट यांचे यंत्र ३ फेब्रुवारी १९६० रोजी उरुग्वेची राजधानी मोन्तेविदेओ येथे ओरेस्तेस फियान्द्रा आणि रोबेर्तो रुबियो यांनी एका तरुण स्त्रीला बसवले. ते साडेनऊ महिने चालले. ती रुग्ण दगावली ती यंत्र बंद पडून नव्हे, तर जखमेतला जंतुसंसर्ग रक्तात पसरून. सुरक्षिततेचा विचार करताना हे प्रकरण विसरता येत नाही. तार शाबूत, यंत्र चालू आणि तरीही रुग्ण गेला.

न तुटलेली तारही हरते

तार तुटण्याचा प्रश्न बराचसा सुटल्यावर तिच्या टोकाशी दुसरा उभा राहिला. हृदयाच्या स्नायूत परकी वस्तू शिरली की शरीर आधी दाह निर्माण करते आणि मग तिच्याभोवती तंतुमय पेशींचा पापुद्रा बांधते. हा पापुद्रा विजेने उत्तेजित होत नाही. त्यामुळे हृदयाचा ठोका पाडायला लागणारा किमान व्होल्टेज, ज्याला थ्रेशोल्ड म्हणतात, पहिल्या काही आठवड्यांत चढत जातो. तो यंत्राच्या ताकदीपलीकडे गेला तर तार शाबूत, बॅटरी भरलेली, यंत्र नेमाने धक्का देते आहे आणि हृदय मात्र निश्चल, अशी अवस्था येते. थ्रेशोल्ड तेवढा चढला नाही तरी त्याची किंमत मोजावी लागतेच, कारण व्होल्टेज दुप्पट केला की प्रत्येक धक्क्याला ऊर्जा चौपट लागते आणि बॅटरी त्या मानाने लवकर संपते. बॅटरी लवकर संपली, अशी तक्रार जिथे ऐकू येते तिथे पुष्कळदा दोष लीडच्या टोकाशी असतो.

यावरचा उपाय १९८० च्या दशकात हाती आला. इलेक्ट्रोडच्या टोकामागे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी मात्रा बसवायची आणि ती हळूहळू झिरपू द्यायची. दाह त्या जागीच दबतो, पापुद्रा पातळ राहतो आणि थ्रेशोल्डचा सुरुवातीचा चढ जवळपास नाहीसा होतो. आधी शिरेतून घालायच्या लीडमध्ये आणि नंतर हृदयाच्या बाहेरून शिवायच्या लीडमध्ये ही सोय आली. आजची शिवायची लीड पाहिली तर तिच्या टोकाला शर्टाच्या गुंडीसारख्या दोन लहान चकत्या असतात, प्रत्येकीला टाका घ्यायला भोके आणि मधोमध करड्या रंगाचा सच्छिद्र प्लॅटिनमचा ठिपका. शल्यविशारद चरबी आणि रक्तवाहिन्या टाळून उघड्या स्नायूची जागा शोधतो, चकती तिथे नुसती टेकवून थ्रेशोल्ड मोजतो, पटला नाही तर सरकवतो आणि मगच टाका घालतो. या पाच-दहा मिनिटांत दाखवलेल्या चिकाटीचे फळ रुग्णाला पुढची दहा वर्षे मिळते.

आज ही लीड कोणाला लागते

स्वीडनमध्येच १९६० च्या दशकाच्या आरंभी हाकॅन लागेरग्रेन आणि सहकाऱ्यांनी शिरेतून हृदयाच्या आत लीड पोहोचवण्याची पद्धत कायमच्या पेसमेकरसाठी वापरली. छाती उघडावी लागत नसल्याने प्रौढांमध्ये तीच रूढ झाली आणि शस्त्रक्रियेने शिवलेली लीड मागे पडली. पण ती संपली नाही. ज्यांच्या शिरा अजून लीड सामावण्याइतक्या मोठ्या नाहीत अशी तान्ही बाळे, साधारणपणे दहा किलोंच्या आतली; ज्यांच्या हृदयात डावी-उजवी बाजू जोडणारी छिद्रे असल्याने आतल्या लीडवर धरलेली गुठळी थेट मेंदूकडे जाऊ शकते असे रुग्ण; फॉन्टान शस्त्रक्रियेनंतर (जिच्यात शिरांतले रक्त हृदय टाळून थेट फुप्फुसाकडे वळवतात) ज्यांच्या शिरांतून खालच्या कप्प्यापर्यंत वाटच उरत नाही असे रुग्ण; आणि उजव्या बाजूला धातूची झडप बसवलेले रुग्ण. या सर्वांना हृदयाच्या बाहेरून शिवलेल्या लीडचाच आधार आहे.

यांतली अनेक बाळे रोध घेऊनच जन्मतात. आईच्या रक्तात रो आणि ला नावाची प्रतिपिंडे असली तर ती नाळेतून गर्भात जाऊन त्याच्या हृदयातल्या विद्युतमार्गाला इजा करू शकतात. आईला स्वतःला पुष्कळदा काहीच त्रास नसतो. असा रोध पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळात आढळतो. लार्सन यांना पेसमेकर ४३ व्या वर्षी बसला आणि ४३ वर्षे लागला. या बाळांना तो पहिल्या आठवड्यात बसू शकतो आणि सत्तर-ऐंशी वर्षे लागणार असतो. लीडच्या टिकाऊपणाची कसोटी त्यामुळे आज १९५८ पेक्षा अवघड आहे.

कसोटीचा निकाल सांगणारा एक जुना पण अजूनही उपयुक्त आढावा फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातून २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या हृदयावर शिवलेल्या २०७ लीडचा पाठपुरावा होता, स्टेरॉइड असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही. एका वर्षाने ९६ टक्के, दोन वर्षांनी ९० टक्के आणि पाच वर्षांनी ७४ टक्के लीड काम देत होत्या. स्टेरॉइड असलेल्यांचे थ्रेशोल्ड बऱ्यापैकी स्थिर राहिले. शेवटचा आकडा पालकांना सांगताना जीभ जड होते, तरी तो सांगितलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पाच वर्षांत चारातली एक लीड निकामी होणार हे आधीच माहीत असलेले कुटुंब तपासणी चुकवत नाही.

वाढ नावाचा धोका

लार्सन यांच्या प्रकरणात नसलेला एक धोका मुलांत आहे, तो म्हणजे वाढ. जन्मावेळी सुमारे ५० सेंटिमीटर उंचीचे बाळ वर्षाचे होईतो ७५ सेंटिमीटरचे होते आणि पुढे दीड मीटरच्या वर जाते. हृदय आणि पोटातली डबी यांच्यातले अंतर त्याबरोबर वाढते, तारेची लांबी तेवढीच राहते. म्हणून शल्यविशारद जादा तार वेटोळे करून ठेवतो आणि मूल वाढेल तसे ते उलगडेल अशी अपेक्षा धरतो. काही वेळा वेटोळे व्रणात अडकून बसते आणि उलगडत नाही. मग ताण टाक्यावर आणि बरगडीच्या कडेवर येतो.

त्याहून भीतीदायक गोष्ट म्हणजे तारेचा विळखा. हृदयाच्या मागून किंवा कडेने वळसा घालून गेलेली लीड मूल वाढू लागले की आवळत जाते, आणि तिच्याखाली सापडलेली कोरोनरी धमनी (हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरवणारी) किंवा फुप्फुसाकडे जाणारा मार्ग दाबला जातो. यंत्राच्या सगळ्या चाचण्या या काळात उत्तम येऊ शकतात, कारण वीज पोहोचवण्याचे आपले काम तार चोख करत असते. मूल छातीत दुखते म्हणते, पळताना भोवळ येते, आणि काही मुलांत दुर्दैवाने पहिले लक्षण अचानक मृत्यू हेच ठरले आहे. पूर्वी हा प्रकार फार विरळा समजला जाई. मोठ्या केंद्रांनी मुद्दाम शोध घेतला तेव्हा तो समजला होता त्यापेक्षा जास्त आढळला. म्हणूनच शिवलेली लीड असलेल्या मुलाचा एक्स-रे समोरून आणि बाजूने असा दोन्ही अंगांनी काढणे, जुना एक्स-रे शेजारी ठेवून तार कुठे सरकली, कुठे ताणली हे पाहणे आणि तार हृदयाच्या सावलीला वळसा घालताना दिसली तर सी.टी. किंवा धमन्यांची तपासणी करणे आवश्यक आहे. समोरून काढलेल्या एकट्या एक्स-रेवर हा विळखा नजरेतून सुटतो.

तार कुठे शिवली हाही प्रश्न सुरक्षिततेचाच आहे. पूर्वी सोयीची जागा म्हणून उजव्या खालच्या कप्प्याच्या भिंतीवर लीड शिवली जाई. तिथून सुरू झालेला ठोका डाव्या कप्प्यात उशिरा आणि वेड्यावाकड्या क्रमाने पसरतो आणि वर्षानुवर्षे असे चालल्याने काही मुलांचे डावे हृदय दुबळे पडते. २०१३ मध्ये २१ केंद्रांतल्या १७८ मुलांच्या अभ्यासात डाव्या कप्प्याच्या टोकाशी किंवा बाहेरच्या भिंतीच्या मध्यावर शिवलेल्या लीडने हृदयाची ताकद सर्वांत चांगली राखल्याचे दिसले. टाका चार-पाच सेंटिमीटर इकडे की तिकडे, यावर मुलाचे पंधराव्या वर्षीचे हृदय अवलंबून राहू शकते.

निकामी झालेली लीड सहसा काढली जात नाही. ती व्रणात इतकी रुतलेली असते की ओढून काढणे धोक्याचे ठरते. तिचे टोक कापून, झाकण लावून ती आतच ठेवतात आणि शेजारी नवी शिवतात. अशा सोडून दिलेल्या तारांमुळे एम.आर.आय. करणे अवघड होते, कारण त्या यंत्राच्या लहरींनी तारेचे टोक तापू शकते. शिवलेल्या लीड एम.आर.आय.साठी प्रमाणित नसल्याने अनेक ठिकाणी अशा रुग्णांना सरसकट नकार मिळतो. काही केंद्रे गरज आणि धोका तोलून, डोळ्यांत तेल घालून ही तपासणी करतात. निर्णय कोणताही असो, शरीरात किती तारा आहेत आणि त्यांतल्या किती जोडलेल्या आहेत हे आधी ठाऊक असावे लागते.

तपासणीच्या खोलीत

लीडची तब्येत तीन आकड्यांतून वाचता येते. एक थ्रेशोल्ड. दुसरा हृदयाचा स्वतःचा संदेश यंत्राला किती मोठा दिसतो. तिसरा म्हणजे तारेचा विद्युतविरोध, ओहममध्ये. हा विरोध साधारणपणे काही शे ओहम असतो. तो एकदम दोन हजारांच्या पुढे उडाला तर आत तार तुटली असावी, दोनशेच्या आसपास कोसळला तर वरचे आवरण फाटून वीज गळत असावी. मात्र अर्धवट तुटलेली तार शांत झोपलेल्या मुलात अगदी निर्दोष आकडे दाखवते, कारण तुटलेली टोके एकमेकांना टेकलेली असतात. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ तपासणी-यंत्राची कांडी पोटावर ठेवून मुलाला हात वर करायला, कमरेत वळायला, दीर्घ श्वास घ्यायला लावतो, बरगडीच्या कडेवर बोटाने हलके दाबतो आणि पूर्ण वेळ पडद्यावरच्या रेषेकडे पाहत राहतो. रेषेवर काट्यांसारखा खरखराट उमटला की तारेचे दुखणे सापडते. आत दोन वेगळ्या तारा असलेल्या दुपदरी लीडचे एक अंग तुटले असेल तर दुसऱ्या अंगावर काम सोपवून काही दिवस काढता येतात, पण ती डागडुजीच असते. ज्या मुलाचे हृदय पेसमेकरशिवाय अजिबात चालत नाही त्याच्यासाठी अशी डागडुजी फक्त शस्त्रक्रियेची तारीख गाठण्यापुरती.

घरी न्यायच्या सूचनाही याच अनुषंगाने द्याव्यात. भोवळ, छातीत दुखणे, एरवी खेळणारे मूल लवकर दमणे, दूध पिताना थकणारे बाळ, पोटाच्या किंवा छातीच्या स्नायूत ठोक्याबरोबर उठणारी थरथर, डबीवरच्या त्वचेची लाली, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

लार्सन यांची पुढची नोंद

लार्सन यांना नंतर मिळालेले पेसमेकर टिकत गेले. लार्सन कामाला लागले, त्यांनी प्रवास केला आणि पेसमेकर असलेल्या रुग्णांसाठी ते बोलत राहिले. २८ डिसेंबर २००१ रोजी ८६ व्या वर्षी त्वचेच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तोपर्यंत एल्मक्विस्ट आणि सेन्निंग दोघेही गेले होते. लार्सन यांच्या ४३ वर्षांच्या उपचारांत पेसमेकरच्या डब्या काही नोंदींप्रमाणे २२ आणि काहींप्रमाणे २६ लागल्या. लीडचे संच लागले पाच. डब्या जास्त लागल्या म्हणून डबीच कमकुवत होती, असे यावरून समजणे चुकीचे ठरेल. बॅटरी संपली की डबी बदलणे ही पोटावरची एक छोटी चीर असते. लीडचा संच बदलणे ही प्रत्येक वेळी नवी वाट शोधण्याची शस्त्रक्रिया असते आणि जुनी तार मागे राहण्याची शक्यता असते.

त्यांच्या डब्यांची आणि लीडची मोजदाद आज होऊ शकते, कारण प्रत्येक बदल कुठेतरी लिहून ठेवला गेला. आपल्याकडे मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया होऊन गावी परतलेल्या मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर पुष्कळदा ‘पेसमेकर बसवला’ एवढीच ओळ असते. त्या कार्डाच्या कोऱ्या पाठीवर आणखी चार ओळी सहज मावतात : लीड कोणत्या बनावटीची आणि किती लांबीची, हृदयाच्या कोणत्या भागावर कोणत्या तारखेला शिवली, शिवताना थ्रेशोल्ड आणि विरोध किती होता, आणि आत सोडलेली जुनी तार आहे की नाही. सोबत दोन्ही अंगांचे एक्स-रे त्याच पिशवीत ठेवावेत, समोरून काढलेला आणि बाजूने काढलेला.